गांडूळ, यकृत आणि परिषद

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे मद्यनिषेध सप्ताह पाळला जातो. प्रभातफेरी निघते, फळ्यावर सुविचार लिहिले जातात आणि एखाद्या पाहुण्याला भाषणासाठी बोलावले जाते. काही वर्षांपूर्वी असाच पाहुणा म्हणून मी भंडारा जिल्ह्यातील शहापूरच्या परिसरात एका शाळेत गेलो होतो. भाषणाआधी विज्ञानाच्या शिक्षकांनी एक प्रयोग करून दाखवला. काचेचे दोन पेले, एकात पाणी आणि दुसऱ्यात दारू. दोन्हींत एकेक गांडूळ सोडले. पाण्यातले वळवळत राहिले, दारूतले थोड्याच वेळात निपचित पडले. "यावरून काय सिद्ध झाले?" सरांनी विचारले. मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, दारू पेल्यानं पोटातले जंत मरतात."

वर्ग हसला. हा विनोद जुना आहे, आपण सर्वांनी तो ऐकलेला आहे. पण भाषण संपल्यावर नववीतला एक मुलगा जवळ आला. त्याने विचारलेला प्रश्न विनोदी नव्हता. "सर, माजे आजोबा चाळीस वर्सं झाली पेतात, त्यायले काई नाई झालं. अन् बाबाच्या पोटात पानी झालं, ते तर अजून पस्तिसाचेच आहेत. असं कसं?"

मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करतो. त्या भेटीच्या महिनाभर आधीच मी एका मोठ्या शहरात भरलेल्या परिषदेला जाऊन आलो होतो. विषय होता मद्यामुळे यकृत, स्वादुपिंड आणि इतर अवयवांना होणारी इजा. परिषदेत मिळालेली पिशवी अजून घरात पडून होती आणि तिच्यात दोनशे पानांची सारांशिका होती. तरीही त्या मुलाला पाच वाक्यांत सांगता येईल असे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. मी काहीतरी बोललो, त्याने मान हलवली आणि तो गेला. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. अवयवांच्या हानीवर एवढ्या परिषदा भरतात, त्यांतून ज्ञानही निर्माण होते. मग शाळेपर्यंत पोहोचताना त्याचे गांडूळ का होते? या लेखात परिषदांवर टीका आहे आणि आपल्या वर्गातील प्रयोगावरही आहे. माझ्या मते दोहोंचा दोष एकच आहे.

प्रयोगात काय चुकते?

आधी गांडुळाकडे पाहू. भारतीय बनावटीच्या विदेशी दारूच्या बाटलीवर साधारणपणे ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. म्हणजे १०० मिलिलीटर द्रवात ४२.८ मिलिलीटर शुद्ध इथाइल अल्कोहोल. अल्कोहोलची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.७९ आहे. त्यामुळे वजनाने हे सुमारे ३४ ग्रॅम होते. आता ६० किलो वजनाच्या माणसाने १८० मिलिलीटरची बाटली, म्हणजे आपण जिला पव्वा म्हणतो ती, एका बैठकीत रिकामी केली असे समजा. त्याच्या पोटात सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल गेले. ते शरीरातील सगळ्या पाण्यात पसरते. तेव्हा त्याच्या १०० मिलिलीटर रक्तात ते ढोबळमानाने ०.१५ ग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम एवढे असेल. वाहन चालवण्यासाठी आपल्या कायद्याने ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. हा माणूस तिच्या पाचपट पुढे गेला. पण पेल्यातील गांडूळ त्याच्या रक्तापेक्षा दोनशेपटींहून अधिक तीव्र द्रावात बुडालेले होते.

एवढ्या तीव्र द्रावात प्रथिने साकळतात आणि पेशीतील पाणी ओढले जाते. मिठाच्या दाट पाण्यातही गांडूळ मरेल. त्यावरून मीठ यकृत सडवते असे आपण म्हणत नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर स्पिरिट ओतून तो पांढरा घट्ट होताना दाखवतात, त्या प्रयोगाचीही हीच अडचण आहे. पिणाऱ्याच्या यकृतात प्रथिने अशी साकळत नाहीत. तिथे जे घडते ते सावकाश आणि निराळ्या वाटेने घडते. तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाचा निष्कर्ष आणि सरांचा निष्कर्ष, तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच कच्चे होते. सरांचा हेतू चांगला होता, एवढाच फरक.

आणखी एक तोटा आहे. मुलांनी घरी पाहिलेला पिणारा माणूस गांडुळासारखा निपचित पडून मरत नाही. तो सकाळी उठतो आणि कामावर जातो. मग मुलांच्या मनात प्रयोग खोटा ठरतो आणि त्याबरोबर सरही.

परिषदांचे श्रेय

परिषदांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांचे देणे मान्य केले पाहिजे. दारूमुळे यकृत बिघडते हे आज आपल्याला उघड वाटते. पण १९४९ साली इन्शुलिनच्या शोधातील एक मानकरी चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून नेमका उलट निष्कर्ष काढला होता. अल्कोहोल काय आणि साखर काय, आहारात कोलीनसारखी द्रव्ये कमी पडली की यकृत बिघडते. अल्कोहोलचा म्हणून वेगळा विषारी परिणाम दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दारुडा जेवत नाही म्हणून त्याचे यकृत खराब होते, ही समजूत त्यानंतर अनेक वर्षे टिकली. 'पी, पण खाऊन पी' हा आपल्याकडचा सल्ला त्याच जातीचा.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांना हे पटले नाही. उंदरांना दारू आवडत नाही, पाण्यात मिसळून दिली तर ते फार कमी पितात, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. म्हणून त्यांनी आणि लिओनोर डीकार्ली यांनी संपूर्ण आहारच द्रवरूप केला आणि त्यात अल्कोहोल मिसळले. आता भूक भागवायची तर अल्कोहोल पोटात जाणारच. स्वयंसेवकांना सकस आहार देऊनही यकृतात चरबी साठते, हे त्यांनी दाखवले. १९७० च्या दशकात बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांत, चांगला आहार मिळूनही त्यांतील काहींना सिरोसिस झाला. या निष्कर्षांवर परिषदांतून वर्षानुवर्षे वाद झाले. इतर प्रयोगशाळांना सगळ्याच गोष्टी तशाच दिसल्या नाहीत. पण अल्कोहोल स्वतःच विषारी आहे, कुपोषण त्यात भर घालते, हे शेवटी मान्य झाले. एका नामवंत शास्त्रज्ञाचे मत पुराव्याने बदलावे लागले. वर्गात सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

यकृतात काय घडते तेही आता बरेच कळले आहे. अल्कोहोलचे विकराच्या साह्याने प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते आणि दुसऱ्या विकराने त्याचे ॲसिटेट होते. मधला ॲसिटाल्डिहाइड हा खरा उपद्रवी. तो प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतो. शिवाय या विघटनात पेशीची रासायनिक स्थिती अशी बदलते की चरबी जाळण्याचे काम मंदावते आणि ती साठू लागते. दारूने आतड्याचे अस्तर गळके होते, जिवाणूंची विषद्रव्ये थेट यकृतात येतात आणि दाह सुरू होतो. दाह वर्षानुवर्षे चालला की काही पेशी कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. मऊ यकृताच्या जागी व्रणांचे जाळे तयार होते. तोच सिरोसिस. रक्ताला वाट मिळत नाही, दाब वाढतो, पोटात पाणी साठते. त्या मुलाने 'पानी झालं' म्हणून सांगितले ते हेच.

कर्करोगाबाबतही परिषदांनी आणि तज्ज्ञगटांनी मोलाचे काम केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातील, म्हणजे निश्चित पुरावा असलेल्या कर्करोगकारकांत टाकले. तंबाखूबद्दल आपण जेवढे बोलतो त्याच्या शतांशही याबद्दल बोलत नाही.

अवयवांची वाटणी

मग तक्रार कशाची? पहिली तक्रार वाटणीची. मी गेलो त्या परिषदेत एका दालनात यकृत होते, दुसऱ्यात स्वादुपिंड, तिसऱ्यात हृदय. मेंदू आणि मज्जातंतूंची चर्चा तर दुसऱ्याच संघटनेच्या, दुसऱ्याच गावी भरणाऱ्या परिषदेत होते. माणूस मात्र एकच असतो. त्याच्या पायांना मुंग्या येतात, स्वादुपिंडाचा दाह झालेला असतो, हृदयाचा स्नायू सैल पडलेला असतो आणि ताटात नुसता पॉलिश केलेल्या तांदळाचा भात असतो.

हा भाताचा उल्लेख सहज केलेला नाही. तांदूळ पॉलिश करताना त्यातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बरेचसे कोंड्याबरोबर जाते. दारूमुळे उरलेल्या थायमिनचे शोषण कमी होते. थायमिन फारच कमी झाले की मेंदूला गंभीर इजा होते. माणूस भ्रमिष्ट होतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर ही इजा उलट वाढू शकते. यकृतासाठी दाखल झालेल्या माणसाचा मेंदू यकृताच्या दालनात कुणी पाहायचा? भंडाऱ्यासारख्या भातपिकाच्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

वाटणीचा दुसरा परिणाम अधिक मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ साली जगात २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले. त्यांतील सुमारे १६ लाख असंसर्गजन्य रोगांनी, सुमारे २ लाख ८४ हजार संसर्गजन्य रोगांनी आणि ७ लाख २४ हजार इजांनी, म्हणजे रस्त्यावरचे अपघात, आत्महत्या आणि हिंसा यांमुळे. चारांतील एकाहून अधिक मृत्यू असे आहेत की त्यांत कुठल्याही अवयवाला सिरोसिस झालेला नसतो. महामार्गावर रात्री घडलेल्या अपघाताचे विच्छेदन यकृताच्या परिषदेत होत नाही. मार खाल्लेल्या बायकोचा उल्लेख तर कुठल्याच दालनात नाही.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या सुधाकराची वकिलीची सनद जाते, अब्रू जाते, सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होते. त्याच नाटकात तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' आहे. पिणाऱ्यांची सभा, ठराव आणि भाषणे. दारूने नेमके कुणाचे काय जाते, हे शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककाराला पूर्ण दिसले होते. आमच्या परिषदेत त्याचा एक तुकडा, सूक्ष्मदर्शकाखाली, फार स्पष्ट दिसतो.

माप कुणाचे?

दुसरी तक्रार मापाची. जून २०२३ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या युरोपीय यकृत परिषदेत यकृतात चरबी साठण्याच्या आजारांची नवी नावे जाहीर झाली. जुन्या नावातील 'अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' हे शब्द रुग्णाला कमीपणा आणणारे आहेत, असे एक कारण दिले गेले. ते योग्यच आहे. लठ्ठपणा किंवा मधुमेह आणि मद्य या दोहोंमुळे यकृत बिघडलेल्यांसाठी एक स्वतंत्र गट आला. त्यासाठी पुरुषांना आठवड्याला २१० ते ४२० ग्रॅम आणि स्त्रियांना १४० ते ३५० ग्रॅम अल्कोहोल अशी सीमा ठरली. वर्गीकरण काटेकोर झाले, याबद्दल वाद नाही.

आता हे माप आपल्या गावात आणून पाहा. रोज एक पव्वा म्हणजे ६१ ग्रॅम, आठवड्याला ४२७ ग्रॅम. म्हणजे 'मी रोज फक्त एक पव्वा घेतो' म्हणणारा पुरुष वरची सीमा ओलांडून गेला. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलीटरची एक बाटली ४१ ग्रॅम, म्हणजे पव्व्याच्या दोन तृतीयांश. बिअर म्हणजे दारू नव्हे असे मानणाऱ्या तरुणांना हा त्रैराशिकाचा हिशेब कुणी कधी दाखवलेला नसतो. पण निदान इथे हिशेब करता येतो. मोहफुलांच्या दारूवर टक्का छापलेला नसतो. भट्टीगणिक, भांड्यागणिक तिची तीव्रता बदलते. पहिल्या धारेची वेगळी, शेवटची वेगळी. ती ग्लासने मोजतात आणि ग्लासही ठरलेल्या मापाचा नसतो. भारतातील पिणाऱ्यांचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते की पिणाऱ्यांत सुमारे ३० टक्के देशी दारू आणि तेवढेच विदेशी म्हणवणारी दारू घेतात. उरलेल्यांत घरगुती आणि बेकायदा दारू पिणारेही आहेत. 'दिवसाला किती ग्रॅम' या स्तंभात त्यांच्यापुढे काय लिहायचे? जगभरच्या परिषदांतील आलेखांचा आडवा अक्ष ग्रॅममध्ये असतो. आपल्या मोहाच्या दारूला त्या अक्षावर जागाच नाही.

पैसा कुणाचा?

तिसरी तक्रार नाजूक आहे. १९९० च्या दशकात 'थोडी घेतली तर हृदयाला बरी' हे मत वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले. अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडे पिणारे जास्त जगतात, असे आलेख होते. पण जेराल्ड शेपर या ब्रिटिश संशोधकाने १९८८ मध्येच एक खोच काढून दाखवली होती. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोक मिसळले गेले होते. आजारी माणसे त्या गटात घातल्यावर तो गट लवकर मरणारच. तुलना कुणाशी करायची, हा गांडुळाच्या प्रयोगातलाच प्रश्न येथे पुन्हा आला. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले.

दरम्यान अमेरिकेत या प्रश्नाचा एकदाचा निकाल लावण्यासाठी सुमारे १० कोटी डॉलरचा एक मोठा अभ्यास आखण्यात आला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश पैसा मद्य कंपन्यांकडून यायचा होता. कंपन्यांशी आधीच बोलणी झाली होती आणि आराखडा फायदा दिसावा अशा बाजूला झुकलेला होता, असे चौकशीत आढळले. कर्करोगासारखे उशिरा दिसणारे धोके टिपण्याइतका तो मोठा आणि लांब नव्हता. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तो बंद केला. विज्ञानाने स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली, हे खरे. पण पैसा देणारा कोण, हे विचारायला आपण शिकले पाहिजे. मी गेलेल्या परिषदेत दिवसभर सिरोसिसची चित्रे पाहिल्यावर संध्याकाळच्या भोजनात मद्य होते आणि त्याचे कुणालाच आश्चर्य वाटले नाही. त्या रांगेत मीही उभा होतो. पेला मी घेतला नाही, पण बोललोही नाही.

प्रश्न विचारणारे कोण?

आपल्या जिल्ह्यात दक्षिणेला लाखांदूरच्या पुढे गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून 'सर्च' या संस्थेतर्फे काम सुरू केले. दोघेही सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. पण दारूचा प्रश्न त्यांनी अवयवापासून सुरू केला नाही. गावोगावी किती लोक पितात, किती पैसा जातो, बायका काय म्हणतात, याची पाहणी लोकांना बरोबर घेऊन झाली. संशोधनाचे आकडे लोकांच्या हातात गेले आणि आंदोलन उभे राहिले. १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. नुसत्या बंदीने पिणे संपत नाही, हेही तेथे ओळखले गेले आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने गावपातळीवरचे काम व उपचार यांची जोड दिली गेली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको, यावर प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते या लेखात सुटणार नाहीत. माझा मुद्दा वेगळा आहे. तेथे प्रश्न विचारणारे लोक स्वतः होते, म्हणून उत्तर त्यांच्या भाषेत परत आले.

पुण्याला १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'चेही असेच. तेथे रुग्णाचे यकृत तपासतातच, पण माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलतात.

परिषदांत हे दोन्ही अनुभव क्वचित ऐकू येतात. कारण तेथे अवयवाचा नमुना पाहिजे असतो. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. व्यसनाधीन झालेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठलेतरी उपचार मिळाल्याचे आढळले. यकृताच्या पेशीत काय चालते हे आपण रेणूपर्यंत जाणतो आणि ३८ पैकी ३७ जणांपर्यंत पोहोचत नाही.

वर्गात काय करता येईल?

परिषदेचे ज्ञान शाळेत आणायचे तर भीतीच्या चित्राऐवजी तीन गोष्टी आणाव्यात, असे मला वाटते: माप, शक्यता आणि परतीची वाट.

मापासाठी दारूची गरज नाही, वहीची आहे. बाटलीवरचे मिलिलीटर, टक्का आणि ०.७९ यांचा गुणाकार सातवीचा विद्यार्थीही करू शकतो. मग सांगावे की यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढते. रात्री नऊला पव्वा संपवणाऱ्याचे रक्त केव्हा स्वच्छ होईल? ६१ भागिले ७, जवळजवळ नऊ तास. म्हणजे पहाटे पाचला ट्रॅक्टर सुरू करणारा माणूस अजून पूर्ण शुद्धीवर नसू शकतो. कॉफीने, लिंबाने किंवा अंघोळीने हा वेग वाढत नाही.

शक्यता शिकवणे अधिक कठीण, पण अधिक गरजेचे. फार पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या, सुमारे ९० टक्क्यांच्या, यकृतात चरबी साठते. सिरोसिस मात्र त्यांतील १० ते २० टक्क्यांनाच होतो. हे सांगायला आपण कचरतो. मुले बेफिकीर होतील असे वाटते. पण मुलांनी न झालेले आजोबा पाहिलेले असतात. सत्य लपवले तर आपणच खोटे ठरतो. हेल्मेट न घालता महामार्गावरून रोज जाणारे बहुतेक जण रोज घरी पोहोचतात. म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही. कुणाचा क्रमांक लागेल हे आधी सांगता येत नाही, हाच धोक्याचा अर्थ. काही जनुके, यकृताचा दुसरा एखादा विषाणूजन्य आजार, लठ्ठपणा, कुपोषण, पिण्याचे प्रमाण आणि तऱ्हा यांवर ते अवलंबून असते. शिवाय यकृत वाचले तरी कर्करोग, अपघात आणि घर यांचा हिशेब वेगळा राहतोच.

तिसरी गोष्ट परतीची वाट. दारू पूर्ण थांबवली तर यकृतातील चरबी काही आठवड्यांत ओसरू शकते. सिरोसिसचे व्रण सहसा पूर्ववत होत नाहीत. पण पोटात पाणी झाल्यावरही दारू सोडणारा, न सोडणाऱ्यापेक्षा अधिक जगण्याची शक्यता असते. एक सूचना मात्र द्यावीच. रोज खूप पिणाऱ्याने अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. गांडुळाच्या पेल्यात परतीची वाट नसते. ज्याच्या घरात आजारी बाप आहे अशा मुलाला आपण दर ऑक्टोबरला तोच पेला दाखवतो.

परिषद भरवणाऱ्या मित्रांकडेही एक मागणी आहे. शेवटच्या दिवशीची एक सकाळ राखून ठेवा. भोवतालच्या जिल्ह्यांतील शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि दारू सोडलेली माणसे बोलवा. सारांशिकेची चार पाने मराठीत छापा. भोजनाच्या खर्चात ती सहज निघतील.

त्या मुलाला आज मी असे सांगेन: "आजोबांना झालं नाही, तो त्यांचा शहाणपणा नाही, दैव. बाबांना झालं, ते त्यांचं पाप नाही, आजार आहे. त्यांना डॉक्टरांकडे पुन्हा घेऊन जा, आणि दारू कशी सोडायची तेही तिथेच विचारा. थांबवली तर आजही फायदा आहे. आणि तुझं यकृत कुणासारखं आहे, हे आधी कुणालाच सांगता येणार नाही." पाच-सहाच वाक्ये आहेत. त्यातले प्रत्येक कुठल्या ना कुठल्या परिषदेत, कुठल्या ना कुठल्या दालनात माहीत असलेलेच आहे. ती एकत्र करून शहापूरला पोहोचवायला मला मात्र उशीर झाला.